एका दिवशी एकच शाळा

१

शाळा तपासणाऱ्या बाई जीपमधून उतरल्या तेव्हा करवतशेठांनी शाळेच्या दारात उभं राहून आभाळ डोक्यावर घेतलं होतं.

"एक बाक ठेवलं नाही हो मेल्यांनी! टेबल गेलं, खुर्ची गेली, सगळं धुऊन नेलं! आणि आजच! आयोग यायच्या दिवशी!"

करवतशेठ म्हणजे गावातल्या लाकूडकापणीच्या गिरणीचे मालक आणि शाळा समितीचे प्रमुख. आयुष्यभर करवतीच्या आवाजावर आवाज चढवून बोलल्यामुळे साधं "या, बसा" म्हटलं तरी समोरचा दचकायचा. आज तर बसा म्हणायचीही सोय नव्हती, कारण बसायला काही उरलंच नव्हतं.

बाई दारात आल्या आणि थबकल्या. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी गळकी शाळा पाहिली होती, पडकी पाहिली होती, शेळ्या बांधलेलीही पाहिली होती. पण इतका रिकामा वर्ग नव्हता पाहिला. फळा, भिंतीवर एक जुना फोटो, आणि खोलीच्या बरोबर मधोमध एक लाकडी ठोकळा. बाकी नुसती फरशी.

फोटो बाईंच्या वडिलांचा होता. चाळीस वर्षांपूर्वी या डोंगरावरच्या शाळा तपासणारे ते साहेब. वरच्या सहाही शाळांत त्यांचा फोटो आहे हे बाईंना ऐकून माहीत होतं. प्रत्यक्ष मात्र त्या आज पहिल्यांदाच वर आल्या होत्या. सगळी नोकरी खाली, सपाटीवरच्या शाळा तपासण्यात गेली. तिथे त्यांचं नाव पडलं होतं कुलूपबाई. कारण खालच्या मोठ्या शाळांची एक खोड त्यांनी पकडली होती. तपासणीच्या दिवशी नवी बाकं मागच्या खोलीत कोंबून कुलूप घालायचं, पोरांना सतरंजीवर बसवायचं आणि तोंड वाईट करून म्हणायचं, "बघा ना बाई, आमच्याकडे काहीच नाही." की आलं अनुदान. बाई यायच्या, मागच्या खोलीपाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि किल्ली मागायच्या.

म्हणूनच आज सकाळी मोठ्या साहेबांनी त्यांना पुढे धाडलं होतं. "दुपारच्या आत आयोग पोचेल. गेल्या कित्येक वर्षांत कुठल्या भागातल्या शाळांना सरकारने किती दिलं, किती द्यायचं राहिलं, याचा हिशेब मांडायला निघालेत लोक. आणि त्यांच्यासमोर चोरी? बाकं शोधा, नाहीतर चोर शोधा. दोन्ही नाही मिळालं तर तो मास्तर आहेच."

मास्तर, म्हणजे गावाचे गुरुजी, भिंतीला टेकून उभे होते. वय तिशीच्या आत, शर्टाचं वरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं, चेहरा खडूसारखा. वर्षापूर्वी त्यांनी शाळेचा ताबा घेताना बाकं, टेबल, खुर्ची सगळं मिळाल्याची सही केली होती. सामान गेलं म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरी गेली म्हणजे शाळाही गेली. इतक्या लहान शाळेसाठी खातं दुसरा मास्तर काही पाठवणार नव्हतं. पोरांनी मग डोंगर उतरून खालच्या शाळेत जायचं. जी उतरतील ती.

"तुम्हीच नेलीत का?" बाईंनी सरळ विचारलं.

"नाही."

"कोणी नेली, माहीत आहे?"

गुरुजींनी मान हलवली. हो की नाही, ते मानेलाही माहीत नसावं.

बाईंनी खाली वाकून तो ठोकळा बघितला. वीतभर उंचीचा, एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला उतरता.

"हा कसला?"

"फळ्याच्या वरच्या भागावर लिहायला, त्यावर उभं राहायला," करवतशेठ घाईने म्हणाले.

बाईंनी त्यावर एक पाय ठेवून जोर दिला. चप्पल सर्रकन घसरली. यावर उभं राहणारा माणूस फळ्यापाशी नाही, दवाखान्यात पोचला असता.

दोन डझन बाकं नेणाऱ्या चोराने एवढासा ठोकळा का सोडला? आणि सोडला तर कोपऱ्यात नाही, दारात नाही, असा मधोमध, मांडून ठेवल्यासारखा का?

२

"पोरांना आत बोलवा," बाई म्हणाल्या.

अंगणात घोळका करून उभी असलेली पोरं आत आली. बाईंनी त्यांना बसा म्हटलं नाही, काही विचारलं नाही, नुसत्या बघत राहिल्या. पोरं आली आणि सरळ भिंतीकडे गेली. प्रत्येकाने आपापली जागा धरली, पाठ टेकली आणि मांडी घातली. एका चिमुरडीच्या जागी दुसरी बसली तर तिने कोपराने ढोसून तिला बाजूला केलं. कोणी इकडेतिकडे पाहिलं नाही. आपली बाकं कुठे गेली, असं कोणाच्याही तोंडावर नव्हतं.



बाई भिंतीपाशी गेल्या. बसलेल्या पोरांच्या डोक्याच्या उंचीवर भिंतीभर एक काळपट, चकचकीत पट्टा होता. तेल लावलेल्या डोक्यांचा. एका वर्षाचा नव्हे, पिढ्यानपिढ्यांचा. थर असा की नखाने खरवडता आला असता. फळ्याची खालची कड बाईंच्या गुडघ्याला लागत होती. बाकांवर बसलेल्या पोरांसाठी कोणी इतका खाली फळा लावत नाही. आणि फरशीवर बाकांच्या पायांची एकही खूण नव्हती. चाळीस वर्षं बाकं उभी असलेल्या वर्गात फरशीला खड्डे पडतात. बाईंच्या स्वतःच्या घरी कपाट हलवलं तर खाली कपाटाचं भूत दिसतं.

"गुरुजी, ही पोरं रोज कुठे बसतात?"

"बाकांवर."

"तुम्ही फार वाईट खोटं बोलता. हे चांगलंच लक्षण आहे, पण आज उपयोगाचं नाही."

गुरुजींनी डोळे पुसले.

बाई बाहेर आल्या आणि फाटकाशी उभ्या असलेल्या आक्काला, शाळेच्या जुन्या मास्तरणीला, त्यांनी ठोकळ्याबद्दल विचारलं, पण तिने ठाऊक नाही म्हणून हात झटकले. अंगणात मात्र टेम्पोच्या चाकांचे ताजे ठसे होते. टेम्पोवाला गाडीच्या सावलीत आडवा पडला होता. गावात त्याला डुलकी म्हणत. गाडी उभी केली की याचे डोळे मिटलेच. चालू गाडीत मिटत नाहीत ही देवाची कृपा.

"काल संध्याकाळी इथे आला होतास ना रे?"

"आलो होतो की."

"सगळी बाकं होती तेव्हा?"

"सगळी म्हणजे! एकेक मोजून उतरवली मी, टेबल उतरवलं, खुर्ची उतरवली, तो ठोकळासुद्धा उतरवला. कंबर बघा कशी..." आणि डुलकीची झोप एकदम उडाली.

"उतरवलीस?" बाई हळूच म्हणाल्या. "कुठून आणून?"

३

करवतशेठांना बाईंनी गिरणीत नेलं, यंत्र बंद करायला लावलं आणि दार लोटलं. यंत्राशिवाय करवतशेठ फारच लहान दिसत होते.

"ती बाकं तुमची नाहीत."

"आमचीच आहेत."

"मग काल संध्याकाळी गाडीतून कशी आली?"

करवतशेठ भुश्शाच्या ढिगावर मटकन बसले. "सहाही शाळांची आहेत बाई. आम्हा सहा गावांची मिळून एकच."

"म्हणजे?"

"म्हणजे एकच संच. तपासणी ज्या शाळेत, बाकं त्या शाळेत. तपासणी झाली की रात्री गाडीत भरायची, दुसऱ्या दिवशी पुढच्या शाळेत. माझ्या लहानपणापासून असंच आहे. आधी बैलगाडी होती, मग ट्रॅक्टर, आता हा डुलकी. एरवी गवताखाली झाकून ठेवलेली असतात. वर्षातून सहा दिवसच वापरतात, म्हणून चाळीस वर्षांची बाकं अजून नवीकोरी."

बाई उभ्याच राहिल्या.  खाली त्यांनी असलेलं सामान लपवणारे लोक पकडले होते. नसलेलं सामान मिरवणारे लोक त्यांनी आजवर पाहिले नव्हते.

"पण का? 'नाही' म्हणून सांगायचं ना! मागायचं!"

करवतशेठ हसले, आणि ते हसणं बाईंना थपडेसारखं लागलं. "बाई, तुम्ही खात्याच्या, नियम मी तुम्हाला सांगू? मोठ्या शाळेत बाकं नसतील तर द्या, लहान शाळेत नसतील तर शाळा बंद करा. खालच्या शाळा मोठ्या, आमच्या लहान. आमच्या शेजारच्या दोन गावांनी खरं सांगितलं होतं. त्यांच्या शाळेत आता गवत भरतात. तिथली पोरं आता माणसं झालीत. माझ्याकडे कामाला आहेत, पगार घेताना अंगठा लावतात."

हा नियम बाईंना तोंडपाठ होता. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि त्यांना त्यात चांगले गुण पडले होते.

"म्हणून आम्ही दरवर्षी 'पूर्ण'," करवतशेठ म्हणाले. "पूर्ण म्हटलं की शाळा राहते. आणि पूर्ण म्हटलं की दुसरं काही मिळत नाही. खोली नाही, दुसरा मास्तर नाही, पाण्याची टाकी नाही. पूर्ण माणसाला कोण जेवायला वाढतो?"

"मग आज ती नेली कोणी?"

आता शेठांचा आवाज परत चढला. "पलीकडच्या डोंगरावरच्यांनी! दुसरं कोण? दरवर्षी एक साहेब, एक शाळा, एक दिवस. या वर्षी आयोगाने दोन तुकड्या केल्या. आज एकाच वेळी आमची शाळा आणि त्यांची शाळा. चिठ्ठी टाकली, बाकं आमच्याकडे आली. त्यांनी सांगायचं ठरलं होतं की आमची बाकं रंगवायला दिलीत. पटलं नसणार त्यांना. रात्रीत येऊन उचलली!"

बाईंनी तिथूनच पलीकडच्या शाळेला फोन लावला. तिथल्या गुरुजींचा आवाज रडवेला होता. "इथे काही नाही हो बाई. वर्ग रिकामा आहे. आम्ही कालपासून रंगाचे डबे तेवढे मांडून बसलोय."

त्यांच्याकडे नाहीत, इथे नाहीत. मग बाकं गेली तरी कुठे?

आणि बाईंच्या डोक्यात त्याहून मोठी एक ठिणगी पडली. एक साहेब, एक शाळा, एक दिवस. हे शब्द त्यांनी आधी ऐकले होते. आपल्याच घरात.

४

"मी एका दिवशी एकच शाळा बघतो," असं बाबा म्हणायचे. अभिमानाने म्हणायचे. खात्यातले बाकीचे साहेब एका दिवसात तीन-तीन शाळा उरकायचे; बाबा नाही. बाईंनी हे वाक्य नव्या तपासनिसांच्या वर्गात कितीदा तरी सांगितलं होतं. माझे वडील म्हणायचे, घाई करू नका. एका दिवशी एकच शाळा.

त्या परत वर्गात आल्या. पोरं अंगणात गेली होती. ठोकळा तिथेच होता. त्यांनी तो उचलून उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग खाली ठेवून, खुर्ची आहे असं समजून, त्यामागे उकिडव्या बसल्या. खुर्चीत बसलेल्या माणसाचा डावा पाय यावर आला असता. पाऊल बाहेरून उचललेलं, आतून टेकलेलं.

 त्यांनी भावाला फोन लावला.

"दादा, बाबांचा तो पायाखालचा ठोकळा अजून आहे का रे?"

"या वेळी हे विचारायला फोन केलास? आहे की. तुझी वहिनी त्यावर कुंडी ठेवते आणि दर आठवड्याला कुंडी घसरली म्हणून मला बोलते. का गं?"

"तिरका आहे ना? बाहेरच्या बाजूने उंच?"

"असणारच. लहानपणी त्यांचं घोट्याचं हाड वाकडं जुळलं. पाय आखूड, पाऊल वळलेलं. त्याशिवाय त्यांना दहा मिनिटंसुद्धा बसवायचं नाही. तुला माहीत नाही का? त्यावर बसून मार खाल्लायस तू."

"दौऱ्यावर नेत होते का तो?"

पलीकडे भाऊ आठवत राहिला. "नाही गं. आई दर वेळी पिशवीत भरायची आणि ते दर वेळी काढून ठेवायचे. म्हणायचे, राहू दे, वर दुसरा आहे. मी एकदा विचारलं, वर कुठे, कुठल्या शाळेत? तर म्हणाले, सगळ्याच. हसले पण नाहीत."

बाईंनी फोन ठेवला.

आज या शाळेत जो ठोकळा पायाखाली, उद्या पुढच्या शाळेत तोच, परवा त्याच्या पुढच्या. आपल्याच पायासाठी बनवलेला ठोकळा आपल्याआधी प्रत्येक शाळेत पोचतो, आणि ते माणसाला कळत नाही? बाकं बाकांसारखी असतात. पण पायाला आपला ठोकळा कळतो.

बाबांना माहीत होतं. सगळं. आणि माहीत असून त्यांनी सहाही शाळांसमोर दरवर्षी लिहिलं होतं, पूर्ण.

भिंतीवरून बाबा बघत होते. फोटोत पाय दिसत नव्हते.

५

बाई फरशीवरच बसून राहिल्या असत्या, पण त्यांचं तपासनिसाचं डोकं त्यांना बसू देईना.

ठोकळा मधोमध मांडला होता. म्हणजे कोणासाठी तरी. आज इथे येऊन त्याचा अर्थ कळेल असं माणूस एकच, त्या स्वतः. म्हणजे ज्याने मांडला त्याला बाबांचा पाय माहीत होता आणि बाकं हरवली की खातं त्यांच्या मुलीलाच, कुलूपबाईलाच, धाडणार हेही. गुरुजी काल-परवाचे. डुलकी तेव्हा जन्मलाही नव्हता. करवतशेठ त्या वेळी पोरगेले होते. त्यांना ठोकळा फळ्यासाठी वाटत होता, आणि ते खरंच तसं समजत होते.

सकाळी जीपमधून येताना आणखी एक गोष्ट डोळ्यांत खुपली होती, ती आता आठवली. वाटेतल्या प्रत्येक घराच्या ओसरीवर आज बायका धान्य निवडत बसल्या होत्या. जमिनीवर नव्हे, गोधडी टाकलेल्या कसल्याशा बैठकीवर. आणि सगळ्यांचे गुडघे वर आलेले. मोठ्या बाईमाणसांचे गुडघे असे वर केव्हा येतात? लहान पोरांच्या मापाच्या बाकावर बसल्यावर.

बाईंना मोठ्याने हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. गावभर! प्रत्येक घरी एक! करवतशेठांच्या आईच्या मांडीखालीसुद्धा!

सगळ्या गावाच्या बायका निमूटपणे ऐकतील असं माणूस कोण, हे विचारायची गरज नव्हती. शाळेमागच्या घरात आक्का राहत होती. याच शाळेत तिने जन्म घालवला. करवतशेठांपासून तान्ह्या पोरांच्या आयांपर्यंत सगळ्यांचे कान तिने पिळलेले. सकाळी शाळेच्या फाटकाशी ती बाईंना भेटली होती. ठोकळ्याबद्दल विचारलं तर म्हणाली होती, "असेल कुठला तरी. मला नाही ठाऊक."

दरवर्षी साहेबांसमोर उभी राहिलेली बाई, आणि साहेबांच्या पायाखाली काय असायचं ते तिला ठाऊक नाही?

आक्का दारातच होती, गोधडीवर. शेजारी जागा ठेवून.

"बस. जरा बुटकं आहे."

बाई बसल्या. गुडघे वर आले.

"आक्का, सकाळी खोटं का बोललात?"

"तुला शोधायला यायचं होतं ना. मी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, म्हातारी बरळते. वडिलांबद्दल असलं काही कोणी दुसऱ्याने सांगून पटतं का?"

"त्यांनीच शिकवलं तुम्हाला हे?"

"शिकवलं नाही गं. दोन शाळा बंद झाल्या तेव्हा ते इथे आले होते. त्या त्यांनीच बंद केल्या, नियमाने. माझ्यासमोर बसले, पाय चोळत. घोट घोट पाणी प्यायले. म्हणाले, बाई, मी एका दिवशी एकच शाळा बघतो. एका शाळेतून दुसरीकडे जायला मला एक रात्र लागते. बस, एवढंच. मी बावळट, मला वाटलं पायाचं सांगतायत. दोन दिवसांनी उजेड पडला. सहा गावांनी मिळून एका शाळेपुरतं सामान केलं. शेठच्या बापाने बाकं केली, वर आपल्या मनाने साहेबांसाठी तो ठोकळाही केला. पहिल्या शाळेत साहेबांनी त्यावर पाय ठेवला आणि खूष झाले. दुसऱ्या शाळेत ठेवला आणि थिजले. मग खाली न बघता लिहिलं, पूर्ण."

"वाचवलं त्यांनी तुम्हाला."

"वाचवलं," आक्का म्हणाली.  "आणि उपाशी ठेवलं. दोन्ही. ते गेले, मागून आलेल्यांनी त्यांचं बघून तसंच लिहिलं. मी चाळीस वर्षं पोरांना सांगत आले, खोटं बोलू नका. आणि वर्षातून एकदा त्यांना त्या बाकांवर नीट बसायची तालीम द्यायची. पाय हलवू नका, नवखे वाटता! हा आयोग शाळा बंद करायला नाही, काय राहिलं ते विचारायला येतोय म्हणतात. आणि आम्ही पुन्हा पूर्ण? शेठला सांगून बघितलं. तो घाबरट. मग पहाटे बायकांना बोलावलं."

"गुरुजींची नोकरी जाईल, आक्का."

"ते तुझ्या हातात आहे." म्हातारीने पहिल्यांदा डोळ्याला डोळा दिला. "मी साहेबांचं नाव घेणार नाही. माझ्या तोंडून ते शोभायचं नाही. घ्यायचं तर तू घे. नाहीतर बाकं परत ठेवते, पोरं बसतील नीट. तालीम झालेली आहे."

खालून गाड्यांचे भोंगे ऐकू आले.

६

आयोगाचे प्रमुख निवृत्त न्यायाधीश होते. बारीक अंगाचे, बोलणं इतकं हळू की लोकांना पुढे वाकावं लागे. त्यांच्यासोबत बाईंचे मोठे साहेब. अंगणात पाऊल टाकताच साहेबांनी विचारलं, "मिळाला का चोर?"

"बाकं मिळाली," बाई म्हणाल्या आणि त्यांनी रस्त्याकडे बोट केलं.

आक्काने हाक दिली होती आणि बायका येत होत्या. दोघी-दोघींत एक बाक. करवतशेठांची म्हातारी आई खुर्ची डोक्यावर घेऊन पुढे, आणि तिच्याकडे बघणाऱ्या करवतशेठांचं तोंड उघडं ते उघडंच.

"छान!" साहेब म्हणाले. "म्हणजे काही गेलं नाही. शाळा पूर्ण. लिहून टाकू."

"पलीकडच्या तुकडीला आधी एक फोन करा," बाई म्हणाल्या. "तिथे बाकं आहेत का विचारा."

फोन झाला. मग बाईंनी सगळं सांगितलं. बैलगाडी, ट्रॅक्टर, डुलकी. साहेबांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. "म्हणजे चाळीस वर्षं सरकारला फसवलं! सहाही मास्तर आजच्या आज घरी! या गुरुजींपासून सुरुवात!"

गुरुजींनी वरच्या बटणाला हात लावला, जणू आता तेही काढून द्यायचं होतं.

बाई वर्गात गेल्या. त्यांना वाटलं, परत येताना हात रिकामे असले तरी कोणाला कळणार नाही. बाबा फोटोत तसेच राहतील, सहाही भिंतींवर. दादा कुंडीवरून भांडत राहील. हा एवढासा ठोकळा जळणात टाकला की संपलं. त्या क्षणभर फोटोसमोर थांबल्या. मग ठोकळा छातीशी धरून बाहेर आल्या आणि बायकांनी मांडलेल्या टेबलावर न्यायाधीशांसमोर ठेवला.

"कोणीही सरकारला फसवलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता. त्यांनी कापू दिला. "फसवायला समोरचा फसावा लागतो. या शाळा तपासणाऱ्या साहेबांचा एक पाय अधू होता. हा ठोकळा त्यांच्यासाठी बनवला. बाकांबरोबर तोही सहाही शाळांत फिरला आणि सहाही शाळांत त्यांनी त्यावर पाय ठेवला. त्यांना सगळं माहीत होतं. म्हणजे खात्याला सगळं माहीत होतं. खात्याच्या संमतीने झालं त्यासाठी या गुरुजींना घरी पाठवता येणार नाही."

"हे अधू पायाचं तुम्हाला कोणी सांगितलं?" साहेब ओरडले.

"याच ठोकळ्याचा भाऊ आमच्या घरी आहे. ते माझे वडील होते."

 डुलकीसुद्धा टक्क जागा होता. न्यायाधीशांनी ठोकळ्याच्या उतारावरून बोट फिरवलं.

"बाई, हे मी नोंदवलं तर त्यांचं नाव येईल. फोटो उतरतील."

"पहिल्या ओळीत घ्या," बाई म्हणाल्या. "ते कारण आहेत आणि साक्षीदारही. दोन्ही लिहा."

 न्यायाधीशांनी बाकं आत मांडायला सांगितली आणि घंटा द्यायला लावली. घंटेबरोबर पोरं आत धावली. नव्याकोऱ्या बाकांच्या रांगांमधून, त्यांना वळसे घालत, अंग चोरत, सरळ भिंतीकडे गेली. प्रत्येकाने आपली जागा धरली, त्या चकचकीत पट्ट्याला डोकं टेकलं आणि मांडी घातली. तालमीची आठवण करून द्यायला आज कोणी नव्हतं.

 

न्यायाधीशांनी पेनाचं टोपण काढलं, लिहिलं आणि लिहिता लिहिता पुटपुटले.

दारातून आक्का पुढे वाकली. "जरा मोठ्याने म्हणा साहेब. चाळीस वर्षं ऐकायचं राहिलंय."

न्यायाधीशांनी मान वर केली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "अपूर्ण."